शून्य रकमेचा तांदूळ

बीसीएच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट द्यावा लागतो. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी तो झेरॉक्सच्या दुकानातून तयार घेतला, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीसकट, आत फक्त नाव बदलून. मीही कदाचित तेच केलं असतं. दुकानात जाऊन भाव विचारायची लाज वाटली म्हणून राहिलं, एवढंच. मग तारीख जवळ आली आणि दुसरं काहीतरी शोधावंच लागलं.

आई पंडरीच्या कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून कापलेले परकर आणते आणि घरी शिवून परत देते. त्याच्या गोदामामागच्या गल्लीत एक पाळणाघर आहे. कापडबाजारात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या, गठ्ठे बांधणाऱ्या, दुकानं झाडणाऱ्या बायका सकाळी मुलं तिथं सोडतात आणि संध्याकाळी सहाला घेऊन जातात. एक लहान संस्था ते चालवते. खोलीचं भाडं आणि मुलं सांभाळणाऱ्या दोघींचा पगार दिल्लीच्या एका देणगीदार संस्थेकडून येतो. हिशेब पाहतात एक काकू. त्यांचं घराणं मराठ्यांच्या अमलापासून इथल्या बूढापारा या जुन्या वस्तीत आहे, आणि त्या स्वतः शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. संस्थेकडून त्या एक पैसा घेत नाहीत.

"त्या काकूले कंपूटरवाली पोट्टी पायजे म्हणे," आईनं एक दिवस सांगितलं. "रजिस्टर लिहून लिहून हात दुखते त्याइचा. तू जाऊन तर पाह्य."

मी गेले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे कंपूटरवाली म्हणजे सगळं येतं असं आईला वाटतं. तसं नाही हे तिला सांगायचं मी टाळत आले आहे.

सामाजिक संस्थांसाठी बनवलेली हिशेबाची एक मुक्त प्रणाली, म्हणजे सॉफ्टवेअर, मला इंटरनेटवर सापडली. मुक्त म्हणजे तिला पैसे पडत नाहीत, पण तेवढंच नाही. ती आतून कशी लिहिली आहे ते कोणीही वाचू शकतं, आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकतं, आणि बदल चांगला असेल तर तो मूळ प्रणालीत घेतला जातो आणि सगळ्यांना मिळतो. दुकानांच्या हिशेबाला नफा-तोटा लागतो. संस्थेला वेगळंच लागतं: कोणी कशासाठी पैसे दिले, ते त्याच कामाला लागले का, आणि किती उरले. या प्रणालीत ते होतं. मराठी मात्र नव्हती. मी ठरवलं की तिला मराठी करायची आणि पाळणाघराला लागतील ते बदल करायचे.

बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर आहेत. माझा जुना लॅपटॉप त्यांनीच ओव्हरटाइम करून घेऊन दिला. मी त्यांना हे सगळं समजावलं तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले.

"फुकट देते म्हणते," ते म्हणाले, "मंग बनवणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटते?"

"काही जण नोकरी करून उरलेल्या वेळात करतात, बाबा. काहींना मोठ्या संस्था पैसे देतात."

"आन् तुले?"

"मला मार्क मिळतील."

"मार्क बी चालते," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

पाळणाघराच्या दाराशी आत एक पत्र्याचा डबा असतो. सकाळी मूल सोडताना प्रत्येक बाई पदरात किंवा पिशवीत आणलेला मूठभर तांदूळ त्यात टाकते. फी नाही, सक्तीही नाही. एखाद्या दिवशी नसला तर नाही. छत्तीसगडात पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो, लोक दारोदार जाऊन धान मागतात आणि घरची बाई सुपातून देते. तो सण झाल्यावर एका वर्षी कोण्या आईनं उरलेलं आणून डब्यात ओतलं, आणि तिथून रोजची मूठ सुरू झाली, असं काकू सांगतात. दुपारचा मुलांचा भात त्यातूनच शिजतो.

काकू हे रोज लिहीत. रजिस्टरात तारीख, मग "तांदूळ, एकोणीस मुठी", आणि रकमेच्या रकान्यात शून्य. माझ्या लॅपटॉपवरही त्यांनी तसंच लिहायला सुरुवात केली, चष्मा कपाळावर ढकलून, एका बोटानं. वर्षातल्या आधीच्या नोंदी मी रजिस्टरावरून उतरवून घेतल्या.

"काकू, याची किंमत टाकायची का अंदाजे?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"दिलेल्या वस्तूले भाव लावत नसतात, पोरी. भाव लावला की ते विकणं झालं."

मला ते पटलं. निदान मी वाद घातला नाही. रविवारी आळीपाळीनं येऊन खोली धुणाऱ्या आया, व्यापाऱ्यांनी दिलेले कापडाचे तुकडे ज्यांच्या मुलांसाठी गोधड्या होतात, सगळं असंच शून्य रकमेनं लिहिलं जात होतं.

आता मी काय केलं ते सांगते. वर्षाचा अहवाल छापून पाहिला तेव्हा तो फार लांब येत होता. न वापरलेली कितीतरी खाती, सगळ्यांपुढे शून्य. पान भरून शून्यं. प्रोजेक्ट पाहणाऱ्या सरांना नीटनेटकं आवडतं. म्हणून मी प्रणालीत एक ओळ लिहिली: रक्कम शून्य असेल तर अहवालात दाखवू नकोस. अहवाल चौदा पानांवरून तीन पानांवर आला. सर खूश झाले. मी धीर करून तो बदल मूळ प्रणालीकडेही पाठवला. सोबतचं पत्र लिहायला मला तीन दिवस लागले होते, कारण माझं इंग्रजी असं की प्रत्येक वाक्य दोनदा तपासावं लागतं. त्यांनी तो बदल घेतला. बदल करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं तेव्हा मी ते आईला दाखवलं. तिनं पडद्यावर बोट ठेवून अक्षरं लावली आणि म्हणाली, "हे तूच ना?"

अहवाल दिल्लीला गेला. काकूंनी तो पाठवण्याआधी खर्चाची प्रत्येक ओळ ताडून पाहिली होती. जे छापलंच नव्हतं ते त्या कसं ताडणार होत्या.

सोमवारी दुपारी फोन आला. मुलं झोपली होती, म्हणून काकूंनी आवाज बारीक ठेवून फोन स्पीकरवर लावला, मला ऐकू यावं म्हणून. दिल्लीचे अधिकारी सभ्य माणूस होते.

"मैडम, खर्चा सब ठीक है. पर लोगों का योगदान निल दिख रहा है. आपको पता है, जहाँ लोगों का अपना हिस्सा नहीं होता, वहाँ हम अगले साल का पैसा नहीं देते. शुक्रवार को कमेटी बैठेगी."

"निल कैसे, भैया? रोज का चावल है हमारा."

"रिपोर्ट में तो नहीं है, मैडम. कुछ भूल हुई हो तो शुक्रवार से पहले भेज दीजिए."

फोन ठेवून काकूंनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. पैसा आला नाही तर पुढच्या महिन्याचं भाडं देता येणार नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. बाजाराच्या इतक्या जवळ दुसरी खोली त्या भाड्यात मिळणं शक्य नव्हतं.

"मीच काहीतरी दाबलं असंल," त्या म्हणाल्या. "माह्या बोटाचा भरवसा नाही. रजिस्टरच बरं होतं."

मला त्याच क्षणी कळलं होतं की काय झालं आहे. ती ओळ डोळ्यासमोर आली. पण मी म्हणाले, "पाहते, काकू," आणि लॅपटॉप पिशवीत घालून घरी आले.

त्या दिवशी मी आईच्या शेजारी बसून परकरांना नाड्या ओवत राहिले. आईला वाटलं परीक्षेची काळजी आहे. मी स्वतःला समजावत होते की ओळ गुपचूप काढते, नवा अहवाल छापते, आणि काही सांगायचं कारणच नाही. तसं करता आलं असतं. पण मग काकूंना कायमचं वाटत राहिलं असतं की त्यांच्याच बोटानं घात केला. आणि एक गोष्ट होती. ती ओळ आता फक्त आमच्याकडे नव्हती. मूळ प्रणाली वापरणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या अहवालातून शून्य रकमेच्या नोंदी नाहीशा होत असणार, आणि ते कोणाला माहीतही नसणार.

मंगळवारी सकाळी मी मुलं यायच्या आधीच गेले. काकू रजिस्टराच्या नव्या पानावर पट्टीनं रेघा आखत होत्या.

"काकू, तुम्ही काही दाबलं नव्हतं. ते माझ्यामुळे झालं."

मी सगळं सांगितलं. त्यांनी रेघ पूर्ण केली, पट्टी उचलली.

"मंग काल मले बोलू काहून दिलं? मी रात्री नातवाले फोन करून विचारलं, डोळ्याचं ऑपरेशन केलं तर टायपिंग सुधरते का म्हणून."

मी उभ्याउभ्याच पिशवीतून लॅपटॉप काढायला लागले.

"बस. चहा ठेवला आहे. तो पी, आन् मग ती ओळ दाखव."

मी लॅपटॉप उघडून ओळ दाखवली. इंग्रजी होती, म्हणून शब्दाशब्दाचा अर्थ सांगितला. काकूंनी चष्मा नाकावर आणला.

"एवढीच?"

"हो."

"एवढ्याशा ओळीनं वर्षभराचा तांदूळ खाल्ला," त्या म्हणाल्या. "उंदीरही इतका खात नाही."

मग त्या हसल्या, आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी चहाबरोबर दोन टोस्ट खाल्ले.

ओळ काढली. अहवाल पुन्हा छापला आणि सगळ्या नोंदी परत आल्या, कारण काहीच पुसलं गेलं नव्हतं, फक्त दिसत नव्हतं. पानामागून पान: एकोणीस मुठी, बावीस मुठी, सतरा मुठी. पण त्यानं काम भागणार नव्हतं. दिल्लीच्या कमेटीला मुठी कळणार नव्हत्या. त्यांना किलो लागणार होते आणि बहुधा रुपयेही.

"भाव मी लावणार नाही," काकू म्हणाल्या.

मी थोडी चाचरत म्हणाले, "रोकडीत मिळवायचा नाही, काकू. वेगळा रकाना करू. वस्तू, तिचं माप, आणि बाजूला अंदाजे मोल. तुमच्या जमेच्या बेरजेला तो शिवणारसुद्धा नाही."

"शिवणार नाही?"

"नाही."

त्यांनी कागदावर दोन रकाने आखून मला बेरीज करून दाखवायला लावली. जमेचा आकडा दोन्ही वेळा तोच आला तेव्हा त्या म्हणाल्या, "हं. चालंल. पण मूठ किती, हे कोण ठरवणार? तू?"

त्यांचंच म्हणणं पडलं की ज्यांची मूठ त्यांनाच विचारायचं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा इलेक्ट्रिक काटा मागून आणला आणि तो सतरंजीवर ठेवला. सहाला बायका आल्या. काकूंनी हिंदीत सांगितलं की दिल्लीवाल्यांना चावल तोलून हवा आहे, नाहीतर खोलीचं भाडं बंद होईल, म्हणून प्रत्येकीनं डब्यातून एक मूठ घेऊन काट्यावर ठेवायची.

पहिल्या तिघींच्या मुठी तोलल्या आणि काकूंनी हात वर केला.

"रुको. तौल के दिन सबकी मुट्ठी मोटी हो गई क्या? रोज जितना डालती हो, उतना ही लो."

बायका खो खो हसल्या. गठ्ठे बांधणारी एक धिप्पाड बाई, जिच्या हातातून तांदूळ ओघळत होता, खाली मान घालून म्हणाली, "दीदी, भाड़ा के बात रहिस ना." भाड्याचा प्रश्न होता ना. तिनं तांदूळ परत डब्यात टाकला आणि दुसऱ्यांदा निम्मा घेतला. पहिल्या तिघींचं वजन मी खोडलं आणि त्यांना पुन्हा रांगेत उभं केलं.

मग एक बारीक अंगाची, साड्यांच्या घड्या घालणारी बाई आली. तिची मूठ इतकी लहान की काट्यावरचा आकडा जेमतेम हलला.

"एकर मुठा नानकुन हे," मागची म्हणाली, "फेर रोज दू बेर डारथे."

म्हणजे तिची मूठ लहान, पण ती रोज दोनदा टाकते. हे काकूंनाही माहीत नव्हतं. त्या तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "तो मैं एक ही क्यों लिखती रही साल भर?"

"तैं पूछे नइ रहे, दीदी," ती बाई म्हणाली. तुम्ही विचारलंच नव्हतं.

सगळ्यांची सरासरी काढली. भावाचा प्रश्न उरला. राशनचा तांदूळ जवळजवळ फुकटच, त्याचा भाव धरला तर हाती काहीच येत नव्हतं. एकीनं सांगितलं की राशन महिनाभर पुरत नाही, शेवटच्या आठवड्यात दुकानातूनच घ्यावा लागतो, आणि मूठ त्यातूनही येते. दुसरी म्हणाली, मग चांगल्या तांदळाचा भाव लावा, दिल्लीवाल्यांना काय कळतंय. काकूंनी किराणावाल्याकडचा सगळ्यात साध्या तांदळाचा भाव विचारला आणि तोच धरला.

"कमीच लिही," त्या मला मराठीत म्हणाल्या. "जास्त लिहिलं तर खोटं होते. कमी लिहिलं तर नुसतं कमी होते."

बुधवारी मी नवा रकाना बनवला. मुठींच्या नोंदी मजकुरात लिहिलेल्या होत्या, त्या शोधून मापाच्या रकान्यात नेताना सरासरी लावली. लहान मुठीच्या बाईचा दुसरा वाटा मात्र धरला नाही, कारण तो लिहिलेला नव्हता, आणि काकू म्हणाल्या की जे लिहिलं नाही ते आता आठवून लिहायचं नाही. रविवारची धुलाई तासांत गेली, कापडाचे तुकडे मीटरमध्ये. गुरुवारी अहवाल दिल्लीला गेला. सोबत काकूंनी अर्ध्या पानाचं पत्र जोडलं, त्यात मूठ म्हणजे काय आणि ती कशी तोलली ते होतं. पहिल्या तीन मुठी रद्द का केल्या, तेही त्यांनी लिहिलं. मी म्हणाले, हे कशाला? त्या म्हणाल्या, "गणितात पायऱ्या दाखवाव्या लागतात."

त्याच दुपारी मी मूळ प्रणालीच्या लोकांना लिहिलं. या वेळी तीन दिवस नव्हते, म्हणून जसं आलं तसं लिहिलं. मी पाठवलेली ओळ चुकीची होती, तिच्यामुळे आमच्या अहवालातून लोकांचं देणं गायब झालं, इतरांचंही झालं असेल, कृपया सगळ्यांना कळवा. आणि नवा रकाना सोबत पाठवत आहे. त्या जागी लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. मी ती ओळ घातल्याची नोंद आणि काढल्याची नोंद, दोन्ही माझ्या नावानं तिथं राहणार होत्या.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रणाली सांभाळणाऱ्यांपैकी एकानं लिहिलं होतं की ती ओळ घेण्याआधी त्यांच्यातल्या दोघांनी वाचली होती आणि दोघांनाही शंका आली नव्हती, तेव्हा ती एकटीची चूक धरू नये. डोंगरातल्या कुठल्या तरी गावात वाचनालय चालवणाऱ्या एका बाईंनी खाली लिहिलं, आमच्याकडे मदतनीसांचे तास दिसेनासे झाले होते, आम्हाला वाटलं आमचंच काही चुकलं. मी ते वाक्य काकूंना मराठीत वाचून दाखवलं. "पाह्य," त्या म्हणाल्या, "तिच्या नातवाचाही फोन वाचला." आठवड्याभरात माझा रकाना, काही दुरुस्त्यांसह, सगळ्यांसाठी खुला झाला. माप या खान्यात आपलं स्वतःचं माप लिहिता येतं. आमच्याकडे तिथं मूठ लिहिलेलं आहे.

शुक्रवारी कमेटी बसली, पण त्या दिवशी काही कळलं नाही. शनिवारीही नाही. सोमवारी संध्याकाळी, बायका मुलं न्यायला आल्या असतानाच, फोन आला. अधिकाऱ्यांनी आधी विचारलं, "मैडम, ये तीन मुट्ठी वाली बात सच है?"

"सच है, भैया. सामने खड़ी हैं तीनों."

ते हसले. पुढच्या वर्षाचा पैसा मंजूर झाला होता.

काकूंनी फोन ठेवून बायकांना सांगितलं. मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील, आनंद करतील. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. धिप्पाड बाई मुलाला कडेवर घेत म्हणाली, "हव, बने होइस," म्हणजे बरं झालं. आणि लगेच पुढे म्हणाली, खोली राहणारच असेल तर एक बोलायचं होतं. लग्नसराईत दुकानं उशिरा सोडतात. सहाला पोचायचं म्हणजे शेठची बोलणी खावी लागतात. अर्धा तास वाढवता येईल का?

"तुम लोगों को उंगली दो तो हाथ पकड़ती हो," काकू म्हणाल्या. मुलं सांभाळणाऱ्या दोघी भिंतीला टेकून उभ्या होत्या. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. एकीनं मान हलवली, दुसरी म्हणाली की तिला बसच्या जागी सायकल काढावी लागेल, पण जमेल. त्यांच्या वाढीव वेळाचं कसं करायचं ते उद्या बसून ठरवू, असं काकूंनी मला सांगितलं आणि कपाटातून खडू काढला. मग दाराबाहेरच्या पाटीवरचे सहा पुसून त्यांनी साडेसहा लिहिले.